कुहीवाल्या मावशीचा कासरा

उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको-पोरीले घेऊन विशाखापट्टणमले गेलो. तोवर आपला समुद्र म्हणजे नागपूरचा फुटाळा तलाव. पोहणं येत नाही, तरी छाती फुगवून पोरीसंगं पाण्यात शिरलो.

बाजूले आपल्या नागपूरजवळच्या कुही गावची एक मावशी होती. तिनं घरच्या सगळ्यायच्या कमरेले बैलाचा कासरा बांधला होता, अन् टोक मनगटाले गुंडाळून वाळूत बसली होती. लाट आली का सगळ्यायचे पाय पाहे अन् कासरा ताणे.

मी समुद्राकडे पाठ करून म्हटलं, "मावशी, बैल धुवून राहिल्या का?"

मावशी हासली नाही. "पोरीचा हात धर गा."

धरलाच होता. पण मागून लाट आली, पायाखालची वाळू सरकली अन् मी उताणा. घाबरून हातच सोडला. उठलो त पोरगी दिसेना. बायको किनाऱ्यावर किंचाळून राहिली, अन् मी पाण्यात हात घालून चाचपत राहिलो.

मग दिसली. मावशीच्या सुनेनं तिचा फ्रॉक पकडला होता, अन् मावशी वाळूत टाचा रोवून सगळ्यायले बाहेर ओढून राहिली होती.

मी रडाले लागलो.

"रडू नको," मावशी म्हणाली. "कासरा लांब आहे. उद्या तूही ये."

दुसऱ्या दिवशी बायकोनंच माझ्या कमरेले कासऱ्याची गाठ मारली. नागपूरचाच एक जण हासला, "काय गा, बैल धुवून राहिले का?"

"हो," म्हटलं, "मोठा बैल मीच."

मावशी तवा पहिल्यांदा हासली. पण नजर लाटेवरच होती.