शेऱ्याचा रकाना

पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात ती बावीस वर्षं कामाला होती. तिच्याहून वयानं मोठे फिटरही तिला ताईच म्हणत. जुनं सॉफ्टवेअर कासवाच्या चालीचं, पण त्यात प्रत्येक भागापुढे शेऱ्याचा एक रकाना होता. ताईनं त्यात वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. 'हे सील जुन्या पंपाला बसत नाही.' 'खोक्यावरचा आकडा चुकीचा, मोजून द्या.'

नव्या सॉफ्टवेअरसाठी वर्षभर बैठका झाल्या. साहेब बसले, बाहेरचे सल्लागार बसले. गोदामाकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी दोन दिवस प्रशिक्षण झालं.

शिकवणारी म्हणाली, "ताई, आता डोक्यात काही ठेवायची गरजच नाही."

"आणि माझे शेरे?"

ती चपापली. "ते आणायच्या यादीत नव्हते. कुणी सांगितलंच नाही."

जुनं सॉफ्टवेअर तर आदल्या शनिवारीच पुसलं गेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ताईनं रजा घेतली. परतली तर गोदामाच्या दारात पाणीपुरवठ्याचा पंपचालक उभा, डोळे तारवटलेले.

"ताई, दोनदा सील मागवलं, दोनदा चुकीचंच आलं. तीन दिवस वस्तीला पाणी नाही. लोक मला फाडून खातायत हो!"

तिच्या जागी बसलेल्या कारकुनानं पडद्यावर दिसलं ते दिलं होतं. त्याची काय चूक? ताईनं शिडी लावली, वरच्या फळीवरून बरोबर सील काढून त्याच्या हातात ठेवलं.

साहेबांनी तोडगा काढला. "तुम्हाला सगळं पाठच आहे, तर भरून टाका ना."

चार हजार वस्तू, रोजचं काम सांभाळून. खोकी उघडून, आठवून आठवून तिनं सात महिने भरलं. नव्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता, आणि वर्णनाच्या चौकटीत चाळीसच अक्षरं मावत. अर्धे शेरे ऐन मुद्द्यावर तुटत.

घरी नवरा पाय लांब करून भाजी निवडत बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "माझा गुडघा आणि तुझं सॉफ्टवेअर, दोन्ही बदलली, दोन्ही दुखतायत. पण मला डॉक्टरांनी आधी विचारलं तरी होतं, कुठं दुखतंय ते."

ताई हसली नाही. चपला काढायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

तक्रारी थांबेनात. साहेब वैतागून गोदामात आले. "हे सॉफ्टवेअरच बोगस निघालं. दुसरं बघतोय आता."

बावीस वर्षांत ताईचा आवाज कधी चढला नव्हता. "दुसरं आणा, तिसरं आणा. आधी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसा दोन दिवस."

साहेब बसले. दोन दिवस नाही, एक सकाळ. मागणीच्या सात चिठ्ठ्या आल्या. पाच वेळा ताईनं पडद्यावर दिसलं त्याहून वेगळा भाग दिला, आणि पाचही वेळा जुन्या भागाशी ताडून पाहिल्यावर तोच बरोबर निघाला.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

दुसऱ्या सॉफ्टवेअरचं बारगळलं. आहे त्यातच शेऱ्याचा मोठा रकाना करून मिळाला, तोही चार महिन्यांनी. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून भरणं आलं. पण या वेळी ताईनं स्पष्ट सांगितलं, एकटीनं होणार नाही. मग तो कारकून शेजारी बसू लागला. ती सांगायची, तो टाइप करायचा.

पाच वाजले की ताई उठायची. "राहिलेलं उद्या," म्हणायची, आणि खांदा दाबत बस थांब्याकडे चालू लागायची.