आबाने परत पाठवलेला डबा

आबा वयाने आमच्यापेक्षा थोडाच मोठा, पण बोलायचा एखाद्या सरपंचासारखा. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्या सरांखेरीज कोणी उच्चारत नसे. बुलढाण्यात आम्ही चौघे एका पत्र्याच्या खोलीत राहून बी.एस्सी. करत होतो. ऊन चढलं की आबा आम्हाला पुस्तकांसकट बाहेर काढायचा. "इथं अभ्यास नाही होत, डोकं भाजते," म्हणायचा आणि कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवायचा. तिथे तो स्वतः पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचा, ही गोष्ट वेगळी.

आम्हा तिघांचे डबे गावाहून सकाळच्या एसटीने यायचे, माझा धाडहून. आबाचं गाव लांब, लोणारकडे, आणि आई लहानपणीच गेलेली. तो मेसमध्ये जेवायचा, पण स्टँडवरून डबे न्यायचं-आणायचं काम त्याने आपणहून घेतलं होतं. संध्याकाळी धुतलेले डबे परत जायचे. डबा रिकामा आला म्हणजे पोरगं खुशाल, असं घरोघरी धरून चालत.

दुसऱ्या वर्षी माझे विषय राहिले. झोप उडाली, घास उतरेना. कडुनिंबाखाली जाणंही सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. मित्रांनी दोस्ती निभावली. माझ्या आईला घोर लागू नये म्हणून ते माझा डबा वाटून खायचे आणि घासून परत पाठवायचे. फोनवर मी जेवलो म्हणायचो, आणि आईचा विश्वास बसायचा.

आबाने हे काही दिवस पाहिलं. मग एकदा त्याने डबा कोणालाच उघडू दिला नाही, आला तसाच संध्याकाळच्या गाडीत ठेवून आला. मी खवळलो. आईचा जीव कशाला टांगणीला लावलास, म्हणून त्याच्या अंगावर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तू जेवून नाही राह्यला, हे तुह्या मायले कळालेच पाहिजे बे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आई आली. मला पाहताच तिने माझे कपडे पिशवीत भरले. "चाल घरी. परीक्षा पुढच्या साली देजो." निघताना तिने आबाला विचारलं, "तुहा डबा कोन पाठवते रे?" प्रत्येक गोष्टीवर बोलणारा आबा माझी पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागला.

ते वर्ष मी घरीच काढलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, हळूहळू माणसात आलो. आबा नसता तर मी उरलो नसतो, हे मी कोणालाही सांगतो. त्या वर्षभर सकाळच्या गाडीने धाडहून डबा जातच होता, आबासाठी. पुढे तो पास होऊन नोकरीला पुण्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सवयीने त्याच्या वाटच्या भाकरी थापल्या. तो गेल्याचं आठवलं तेव्हा तिने गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून रडली.