तिघांचा फोटो

आमच्या घरात माणसं तीन, आणि तिघांचा फोटो काढायचा नाही हा बायकोचा नियम. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांतला एक जातो, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. मी विज्ञाननिष्ठ माणूस. त्यामुळे आधी जोरदार वाद घालायचो आणि मग मुकाट्याने कॅमेरा हातात घ्यायचो. पण मी काढलेल्या फोटोंत मायलेकींची डोकी कापलेली यायची. शेवटी सात वर्षांची लेक म्हणाली, ‘‘बाबा, तू आईजवळ उभा राहा. तुला नाही जमत.’’

तेव्हापासून अल्बममध्ये आम्ही दोघंच. बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्यांना मूलबाळ नाही.

पुढे लेक बी.कॉम. झाल्यावर मी तिला नौपाड्यात बँकेच्या परीक्षांच्या क्लासला घातलं. क्लास वरच्या मजल्यावर, खाली फोटो स्टुडिओ. लेक जिना चढलीच नाही. बायकोला हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक. मला कळलं ते पासपोर्टच्या फोटोसाठी मी नेमका त्याच स्टुडिओत जाऊन स्टुलावर बसलो तेव्हा. ‘‘हनुवटी थोडी खाली घ्या, काका,’’ म्हणत लाइट सरकवत कोणीतरी आली, आणि मला बघून थांबली. त्या फोटोत मी भयंकर चिडलेला आहे. घरी बायकोने तो निरखला. ‘‘अगदी असेच दिसता. पोरीला जमलंय.’’

बँकेचा विषय तिथेच संपला.

बायको मात्र एकटीचा फोटो काढू द्यायची नाही. ‘‘एकटीचा कशाला? हार घालायला?’’

मग तिचं दुखणं निघालं. केमोने केस गेले. डॉक्टरांनी आम्हा बापलेकीला केबिनमध्ये बसवून जे हळू आवाजात सांगितलं, ते तिने बाहेर आमच्या तोंडांवरूनच वाचलं. त्यानंतरच्या एका सकाळी गॅलरीतून छान ऊन आत आलं होतं. लेक म्हणाली, ‘‘आई, आपला तिघांचा काढूया ना. एकच.’’

‘‘नको गं.’’

‘‘आता काय व्हायचं राहिलंय?’’ मी बोलून बसलो.

ती चिडली नाही. ‘‘माझं नाही हो. तुम्ही दोघं राहणार आहात ना अजून.’’

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग बायकोनेच तोड काढली. तिच्या माहेरी तिघं जण कामाला निघाले की चौथा म्हणून एक खडा खिशात ठेवायचे. ‘‘जा, खालून एक खडा घेऊन या.’’

मानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत दगड म्हणून शिल्लक नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. गेटपाशी निखळलेला एक उचलला आणि दोन्ही हातांनी धरून वर आणला.

‘‘अहो, खडा म्हटलेलं मी,’’ बायको म्हणाली. ‘‘हा तर जावई आणलात.’’ आणि हसत सुटली.

लेकीने टायमर लावला आणि धावली. सगळ्या जगाला फोटोत उभं करणारी पोर, सातव्या वर्षानंतर स्वतः कधी उभी राहिलीच नव्हती. फोटोत बायको खळखळून हसतेय, मी डोळे मिटून ब्लॉक धरलाय, आणि लेक म्हणजे नुसता धूसर पट्टा. हात तेवढा आईच्या खांद्यावर पोचलेला.

‘‘परत काढू,’’ लेक म्हणाली.

‘‘रविवारी,’’ म्हणत बायको दमून आडवी झाली. रविवारी ती हॉस्पिटलमध्ये होती. तिथून घरी आली नाही.

तेराव्याला हार घालायला फोटो लागतो. स्टुडिओत लेकीचं हे नेहमीचं काम. लग्नाच्या ग्रुपमधून माणूस उचलायचा, शेजारच्याचा खांदा पुसायचा, मागे निळा रंग भरायचा. आईचा तिने त्या टायमरच्या फोटोतून स्वतःच केला. मला काढलं, ब्लॉक काढला. स्वतःचा हात पुसणं दोन मिनिटांचं काम होतं. तो ठेवला.

आता ती लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही. ज्यांच्या घरी दुखणं आहे त्यांच्याकडे जाते, हसेपर्यंत बसून राहते, मग फोटो काढते. ‘‘हेच करायचंय मला, बाबा,’’ म्हणते. पिशवीत ब्लॉकचा एक तुकडा असतो.

आमच्या भिंतीवरच्या फोटोत बायकोच्या खांद्यावर धुरकट डाग दिसतो. काचेवर धूळ बसलीय असं वाटून आलेलं कोणीतरी रुमाल काढतं. लेक घरात असली तर चहा ठेवायला उठते. मी पुसू देतो.