मेंढ्या रिकाम्या, मर्ना भरलेली

मर्ना टिपेट एकोणतीस वर्षं लोकरीच्या टेबलापाशी उभी होती. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर समोर पडली की तिची प्रत ठरवायची, हे तिचं काम. बारीकशी बट दोन्ही हातांत ताणून धरायची आणि कानाशी नेऊन टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर मजबूत, चरचरली तर गेली कामातून. त्या मैदानी मुलखात तिच्या कानावर कुणी शंका घेत नसे.

कातरणीची शेड घंटेवर चालते. दोन तास काम, मग चहा, पुन्हा दोन तास. पुरुषांचं काही अडत नाही. शेडमागे भिंतीकडे तोंड केलं की झालं. मर्नाने कुठे जायचं? चहूकडे गुडघ्याएवढी खारट झुडपं, मैलभर एक झाड नाही, आणि राहायच्या खोल्या चार किलोमीटरवर. ती सकाळी निघताना जायची, ते थेट संध्याकाळी परतल्यावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकाही शहाण्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

शेवटी लघवी उतरेनाशी झाली. दवाखान्यातल्या सिस्टर ऑनाने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली.

"मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. मज्जातंतूंचा निरोप आला की स्नायूच्या पेशींत कॅल्शियम वाढतं आणि आतले बारीक धागे असे एकमेकांत सरकतात." बोटं आत रुतली. "पिशवी सगळीकडून आवळते, त्याच वेळी खालचं दार सैल पडतं. पण वर्षानुवर्षं ताणून धागे असे लांब गेले, की..." आता बोटांची नुसती टोकं टेकत होती. "निरोप येतो, पण पकड बसत नाही."

"म्हणजे बट कच्ची झाली," मर्ना म्हणाली.

"पुरती नाही. सहा आठवडे दर दोन तासांनी निवांत वीस मिनिटं बसायचं. पुन्हा तट्ट भरू दिलंस तर उरलेला जोरही जाईल, मग जन्मभर नळी घालूनच लघवी काढावी लागेल." आणि अडीअडचणीला म्हणून एक नळी तिने मर्नाच्या पिशवीत घातली.

ठेकेदार क्लेम ड्रेपरने शेडजवळ संडास आणायचं कबूल केलं होतं. कातरणीच्या पहिल्या सकाळी संडासाचा पत्ता नव्हता.

"इतकी वर्षं निभावलंस ना? आता काय राजवाडा पाहिजे तुला?" क्लेम हसला.

मर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या मेंढ्यांचं चारापाणी कालपासून का तोडलंस?"

"भरलेली मेंढी उलटी धरली तर मरायची. रिकामी करूनच घ्यायची, नियम आहे."

"मेंढीला नियम आणि मला नाही? मी मेंढीपेक्षा खालची काय रे?"

कातरणारे सहाजण माना खाली घालून उभे होते. त्यांतला म्हातारा अल्बी खाकरला. "चिठ्ठ्या टाकू या."

मेंढी ओली वाटली की कातरणारे टोपीत चिठ्ठ्या टाकतात; बहुमत झालं तर काम बंद, आणि तिथे ठेकेदाराचं काही चालत नाही. संडासासाठी टोपी फिरली ती पहिल्यांदाच. तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की प्रत्येकाने आणखी दोन मेंढ्या कातरून पुन्हा चिठ्ठी टाकायची, ही रीत. मेंढ्या झाल्या. या खेपेला चार विरुद्ध दोन. अल्बीने कातरायच्या यंत्राची दोरी ओढली आणि शेड थंड झाली.

क्लेमने दात खात संडासासाठी शेजारच्या मळ्यावर फोन लावला. मग मर्नाकडे वळला. "संडास येईपर्यंत खोलीवर जा की. मात्र परत येशील तेव्हा तुझ्या टेबलावर दुसरा असेल."

"जा गं बाई," अल्बी म्हणाला. "आम्ही बघतो याला."

"एकोणतीस वर्षं बघतच होतात ना?"

ती जागची हलली नाही. साडेसातपासून दीडपर्यंत, टेबलाची कड धरून. ओटीपोट दगडासारखं झालं. आपण काय करतोय हे तिला पक्कं कळत होतं, पण त्या माणसाला जागा सोडणं तिच्याच्याने होईना.

दीड वाजता ट्रेलरवरून संडास आला. मर्नाने आत जाऊन कडी लावली. वीस मिनिटं बसली. पुढे वाकली, पोटावर हात दाबला. निरोप जात असणार, नक्कीच जात असणार. थेंब आला नाही.

ती बाहेर आली. सातहीजण उभे होते.

"झालं समाधान?" क्लेमने विचारलं.

"नाही झालं." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "स्नायू मेला, क्लेम. तू आणि तुझ्या घंटेने मारला. वरातीमागून घोडं आणलंस."

मर्नाने टेबलाखालची पिशवी उघडली, नळी काढली, सगळ्यांसमोरून हातात धरून नेली आणि दार लावून घेतलं.

क्लेमने घड्याळ पाहिलं, घंटेकडे हात नेला. अल्बी मधे उभा राहिला. ती बाहेर येईपर्यंत घंटा वाजली नाही.