शनिवारचे शेवटचे दोन तास

ड्रॉइंगच्या मास्तराला शाळेत फारसं कुणी मोजत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात. म्हणून असेल, पण नोकरीभर मला रंग कमी पडले, किस्से कधी कमी पडले नाहीत. आता मित्र जमले की एखादा म्हणतो, "तो बैलांचा सांग रे." बैलांचा सांगायला घेतला की म्हशीचा आठवतो, आणि घरी जायचं राहून जातं.

आमची शाळा पाथर्डीच्या पलीकडे, कोरड्या भागात. एकोणीसशे सत्तरच्या पुढची दोन-चार वर्षं म्हणा. हेडसर नगरला एका शिबिराला जाऊन आले आणि येताना एक विचार घेऊन आले. आठवी-नववीतली पोरं फार दांडगाई करतात, त्यांना गटागटानं कलाकुसरीला बसवलं की ती शांत होतात, असं तिथं कुणीतरी सांगितलं होतं.

"शनिवारचे शेवटचे दोन तास तुमचे," हेडसर मला आणि शिवणाच्या वाघचौरे बाईंना म्हणाले. "सामूहिक कला! काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त आवाज नको."

आम्ही दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत चहा घेत बेत ठरवायचो. ठरवल्यासारखं एकदाही घडलं नाही.

•

पहिला बेत मातीकामाचा. मी मूळचा पुणतांब्याचा, गोदावरीकाठी वाढलेला. मातीकाम म्हटलं की नदीवर जायचं आणि गाळ उकरायचा, एवढंच मला ठाऊक. वर्गात म्हटलं, "येताना नदीवरून मऊ गाळ घेऊन या."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण उठला. "सर, कोन्च्या नदीवरून?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नदी होती, पण भिंतीवरच्या नकाशात.

मग मीच रविवारी घरी गेलो आणि ट्रंक भरून गाळ घेतला. परतताना एस.टी.च्या कंडक्टरला ती ट्रंक हलेना.

"काय भरलंय ह्यात, मास्तर?"

"माती."

"कुठली?"

"पुणतांब्याची."

त्यानं तिकिटाला चिमटा मारला आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "आता आमच्याकडं मातीबी बाहेरून आनायची येळ आली का?"

गाडीत कुणी हसलं नाही. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा मान हलवून म्हणाला, "येनारच हुती."

•

त्या गाळाच्या बैलगाड्या करायच्या ठरल्या. चार-चार पोरांचा गट, एका गटाची एक गाडी. दोघांनी एकेक बैल करायचा, एकानं गाडी, एकानं चाकं. एकोपा वाढतो, असं हेडसरांनी शिबिरात ऐकलं होतं.

भानुदास आणि रावसाहेब एका गटात आले. दोघे चुलतभाऊ. बैल दोघांनीही देखणे केले, वशिंड, शिंगं, झूल, सगळं जिथल्या तिथं. फक्त जुंपल्यावर एकाची मान पार डावीकडे, दुसऱ्याची पार उजवीकडे!

"अरे, गाडी ओढताना बैल समोर बघतात ना?" मी विचारलं.

"आमी गटानंच केलंय, सर," भानुदास म्हणाला. "पन बैल एकमेकाकडं बघनार न्हाईत."

"का?"

"बांधावरनं आमच्या दोन घरांचं बोलनं बंद हाय."

मी रावसाहेबाकडे पाहिलं. तो चाकं करणाऱ्या पोराला म्हणाला, "त्याला सांग, माझ्या बैलाला त्याचं शेपूट लागतंय."

•

शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर 'आपला गाव' हे चित्र काढायचं ठरलं. पांढऱ्यासाठी चुना, तांबड्यासाठी गेरू, निळ्यासाठी कपड्यांची नीळ, काळ्यासाठी काजळी. नववीच्या पोरांनी सगळ्यात आधी सरपंचांची म्हैस काढली, कारण ती समोरच रस्त्यात बसलेली असायची. चांगली मोठी काढली.

दुसऱ्या दिवशी सरपंच भिंतीसमोर उभे! सरपंचांनी बराच वेळ पाहिलं.

"ही आमची म्हस."

"होय," मी म्हटलं.

"तिचं डावं शिंग मोडलंय. तुमी उजवं मोडलंय."

आम्ही लगेच शिंग बदललं. सरपंच समाधानानं गेले आणि तिथंच घोटाळा झाला. संध्याकाळी एक जण आला, "सरपंचाची म्हस घेतली, आमची गाय का न्हाई?" मग गाय घेतली. मग कुणाची घोडी, कुणाचा बोकड, कुणाची कोंबडी पिलांसकट. दोन आठवड्यांत भिंत भरली.

हेडसरांनी वरची पाटी वाचली, खाली पाहिलं. "आपला गाव म्हणता, आणि यात माणूस एकही नाही?"

"सर," मागून एक पोरगी म्हणाली, "मानसांपैकी कुनी तक्रारच केली न्हाई."

•

वाघचौरे बाईंनी मुलग्यांनाही शिवण शिकवायला घेतलं. गंगाराम नावाच्या पोराचे वडील, तात्या, तावातावानं वर्गाच्या दारात आले.

"पोराला शाळंत घातला, आन तुमी त्याच्या हातात सुई दिली? उद्या त्याला पोरगी कोन देनार?"

"काय शिवलंय ते तर बघा," बाई म्हणाल्या आणि गंगारामचा हातरुमाल त्यांच्या हातात दिला.

तात्यांनी रुमाल सुलटा पाहिला, उलटा पाहिला. ओढून पाहिला. मग अंगातली बंडी काढून गंगारामपुढे टाकली. "काखंत उसवलीय. तास संपायच्या आत हुईल का?"

वर्गात मुली होत्या, म्हणून उघड्या अंगाच्या तात्यांना मी हेडसरांच्या खोलीत नेऊन बसवलं. हेडसर बाहेर गेले होते, खुर्ची रिकामी होती. नेमके तेव्हाच पंचायत समितीचे एक साहेब आले. खुर्चीतल्या तात्यांकडे पाहून थबकले, पण वागायला सभ्य माणूस.

"नमस्कार. हेडमास्तर आपणच का?"

"आता काय सांगू," तात्या म्हणाले. "माझी बंडी नववीत हाय."

•

बहात्तरच्या दुष्काळात दिवाळी आली. हेडसर म्हणाले, "यंदा आकाशकंदील नकोत." बाई म्हणाल्या, "यंदाच हवेत." बाई जिंकल्या.

काड्या मिळाल्या, पतंगाचा कागद मिळाला. अडलं खळीपाशी. खळीला कणीक लागते, आणि कणीक कुणाच्याच घरात नव्हती. घरोघरी मिलो खात होते. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशातली तांबडी ज्वारी.

सुशीला म्हणाली, "बाई, मिलोची खळ करू. टाळूला चिकटती, मग कागदाला का न्हाई चिकटनार?"

केली. तांबूस झाली, पण अशी पक्की की दिवाळीनंतर कंदील सोडवताना काड्या मोडल्या आणि कागद सुटला नाही. हेडसरांनी एक कंदील हातात घेऊन दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला.

"वाघचौरे बाई," ते गंभीरपणे म्हणाले, "हे खायचं नसणारच. वरून पाठवताना काहीतरी चूक झालीय."

•

पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्या हिवाळ्यात तालुक्याला हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि पहिल्या येणाऱ्या शाळेला शिवणयंत्र मिळणार होतं. वाघचौरे बाई तोवर यंत्राचं चित्र फळ्यावर काढून शिकवत होत्या. चित्र मीच काढून द्यायचो.

नववीनं सामूहिक गोधडी करायची ठरली. प्रत्येकानं घरून एक तुकडा आणायचा. आज्जीचं लुगडं, बापाचा जुना पटका, लहान भावाचं झबलं, असं काय काय आलं. मुलगे, मुली सगळे धावदोरा घालायला बसले. मधला तुकडा हिराबाईचा. वर्गात सगळे तिला हिरी म्हणायचे. तिचा टाका सगळ्यांत बारीक, म्हणून कडाही तिनंच मुडपल्या. गोधडी इतकी सुरेख झाली की हेडसर रोज कपाट उघडून बघून जायचे. शिवणयंत्र कुठं ठेवायचं, ती जागाही त्यांनी झाडून घेतली होती.

हिरीचे आईबाप दर वर्षी ऊस तोडायला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे जायचे. ती आज्जीपाशी राहायची. त्या वर्षी आज्जी वारली. त्यात आईला नुकताच मुलगा झालेला. बाई आणि मी तिच्या घरी गेलो.

"पोरगी हुशार आहे. शाळा बुडवू नका," बाई म्हणाल्या.

"न्हाई बुडवत," तिचा बाप म्हणाला. "फकस्त सांगा, ठिवू कुनापाशी?"

आम्ही दोघं परत आलो. ऊसतोडीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी हिरीलाही घेऊन निघाला.

त्याच दुपारी बाईंनी कपाट उघडलं. गोधडी नव्हती!

नववीला उभं केलं. वर्ग खाली मान घालून उभा. बाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सुशीला म्हणाली, "बाई, ती लोकं उसाच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हात्यात. वारं आत शिरतं. आन त्यांचं बाळ लई बारकं हाय."

"कुणी दिली?"

"आमी सगळ्यांनी," वर्ग म्हणाला. भानुदास आणि रावसाहेब एकाच वेळी म्हणाले.

बाई खुर्चीवर बसल्या. मी हेडसरांना सांगायला गेलो. ते ताडकन उठले. "उद्या प्रदर्शन आहे, देशमाने! उद्या!" खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग खिडकीपाशी थांबले.

"मूल केवढं आहे?"

"महिन्याचंही नाही."

हेडसरांनी टोपी घातली. "आपलं टेबल मांडायचं," ते म्हणाले. "पाटी लावायची."

शिवणयंत्र दुसऱ्या शाळेला गेलं, ते आत्ताच सांगून टाकतो.

प्रदर्शनात सगळ्या टेबलांवर बाहुल्या, तोरणं, विणलेल्या पिशव्या. आमच्या टेबलावर स्वच्छ पांढरी चादर आणि माझ्या अक्षरातली पाटी: 'सामूहिक गोधडी. इयत्ता नववी.' मागे नववीचा अख्खा वर्ग, बाई, मी, आणि पुढे हेडसर, कोटाची सगळी बटणं लावून.

नगरहून आलेले साहेब एकेक टेबल बघत आमच्यापाशी आले. पाटी वाचली. चादरीकडे पाहिलं. टेबलाखाली वाकून पाहिलं.

"हेडमास्तर, गोधडी कुठंय?"

"वापरात आहे, साहेब."

साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं, मग मागच्या पोरांकडे. पाटी जराशी वाकडी झाली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केली.

"मग इथं कशी असेल?" ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.