माझ्या दुकानापुढचा कडुनिंब

श्रीपाद ढवळे माझ्या डोक्यात जायचा. देवास गेटच्या बाजारात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. तो भैरवगढच्या छापील चादरी विकायचा, मी रंगीत टीव्ही. दोघंही मराठी, म्हणून हिंदी बोलणाऱ्या त्या बाजारानं आम्हाला भाऊ-भाऊ ठरवून टाकलं होतं. असला भाऊ वैऱ्यालाही मिळू नये.

ब्याण्णवच्या सिंहस्थासाठी रस्ता रुंद झाला आणि झाडं गेली. पुढच्या उन्हाळ्यात दुपारचं बाजारात कुत्रं फिरकेना. गिऱ्हाईक फ्रीगंजच्या बाजाराकडे वळलं. तेव्हा हा शहाणा दारोदार हात जोडत फिरला. छपराचं पाणी गटारात सोडू नका, दुकानापुढे खड्डा करून जिरवा, तिथे कडुनिंब लावू, सावली झाली की माणसं परत येतील, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले. त्यानं स्वतः पहार घेऊन नऊ खड्डे खणले. मी नाही म्हटलं होतं, पण माझ्या बायकोला, प्रतिभाला, त्याचं पटलं. नववं रोप माझ्या दुकानासमोर लागलं.

तीन वर्षांत झाडानं माझी दिव्याची नवी पाटी झाकली. एवढी हौसेनं केलेली पाटी! मी रोज दुकान बंद करताना मुळाशी मिठाचं पाणी ओतायला लागलो. लाज वगैरे काही वाटली नाही.

त्याच सुमारास आमच्या श्रुतीला कांजिण्या झाल्या. इकडे होळीनंतर शीतला सप्तमी येते, कांजिण्यांच्या देवीची. त्या दिवशी बायका चूल पेटवत नाहीत, कडुनिंबाला गार पाणी घालतात. पोर बरी झाली तर दुकानापुढच्या झाडाची पूजा करीन, असं प्रतिभा मनात बोलली होती. मी टिंगल करीन म्हणून मला सांगितलं नव्हतं.

श्रुती बरी झाली. सप्तमीला प्रतिभा तिचा हात धरून, शिळ्या नैवेद्याचं ताट घेऊन आली, तर झाड वाळून कोळ झालेलं. ती खालीच बसली. मातेनं नवस नाकारला, आता माझ्या पोरीचं काय, म्हणून रडायला लागली. मी काउंटरमागे उभा होतो.

श्रीपाद बाहेर आला. त्यानं वाकून खड्ड्यातली माती बोटानं उकरली. वर पांढरी खपली धरली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पायानं माती सारखी केली.

“वहिनी, गलती माझी आहे,” तो म्हणाला. “इथली मिट्टीच खराब, मी बिना देखे रोप लावलं. माता कशाला नाराज होईल? चला, माझ्या झाडाला पाणी घाला.”

आज आठ झाडांखाली दुपारी माणसं रेंगाळतात, चादरी चाळतात, चहा पितात. माझ्या दारापुढच्या उन्हातून तेवढी झपझप निघून जातात. त्याचं मला काही नाही. पण त्यानं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर मीही दोन ठेवून दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. प्रतिभा त्याला देवमाणूस म्हणते, आणि मला मान डोलवावी लागते.