चेकिंग टेबलावरचं इंग्रजी

परदेशी गिऱ्हाईक परवा येणार होतं आणि पद्माच्या तोंडून एक सरळ वाक्य निघत नव्हतं.

पद्मा ही चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकर, तयार माल तपासणारी. मी सात रस्त्याजवळ स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. तिच्या मालकांनीच तिला माझ्याकडे धाडलं होतं. "मॅडम, पाहुण्यांना तिनं इंग्रजीत डिपार्टमेंट दाखवलं तर सुपरवायझर तीच," ते म्हणाले होते. "न्हाय जमलं तर बाहेरचा माणूस घेतो की."

गाडी अडली होती फ्रेजल व्हर्बवर. 'टेक', 'पुट' अशा साध्या क्रियापदाला 'आउट', 'ऑफ' असं शेपूट लागतं आणि अर्थ फिरतो. 'टेक आउट' म्हणजे बाहेर काढणं, 'टेक ऑफ' म्हणजे अंगातले कपडे उतरवणं. रोजच्या बोलण्यात हीच लागतात. पद्माला सगळे अर्थ पाठ होते, पण वाक्य कर म्हटलं की ती छताकडे बघायची.

"डोक्यात हाय मॅडम, तोंडात येईना."

मला माझ्याच शिकवण्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि कारखान्यात तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिचं घर भवानी पेठेतलं, विणकरांचं.

"माग चालवायला कशी शिकलीस गं?"

"आई हातानं करायची आन् तोंडानं सांगायची. मीबी तसंच म्हणत म्हणत करायची."

"मग हेही तसंच कर."

टॉवेल उचलला, 'पिक अप'. उलटा केला, 'टर्न ओव्हर'. लोंबता दोरा कापला, 'कट ऑफ'. डागाळलेला बाहेर, 'टेक आउट'. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायकाही पुटपुटायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या परदेशी पाहुण्या बाई आल्या. त्यांनी गठ्ठ्यातून नेमका दोरा सुटलेला टॉवेल ओढला आणि विचारलं, याचं काय करता? पद्माचे हात आधी हलले, पाठोपाठ शब्द आले. "वी कट इट ऑफ, मॅडम. देन वी टर्न इट ओव्हर. इफ स्टेन, वी टेक इट आउट." बाई विचारत गेल्या, ही सांगत गेली. सगळं डिपार्टमेंट तिनं एकटीनं फिरवून दाखवलं. मी दाराशी उभी राहून वेड्यासारखी हसत होते.

पद्मा सुपरवायझर झाली. पहिल्याच आठवड्यात मालक घाईघाईनं आले, माल पॅक करा म्हणाले.

"होल्ड ऑन सर. चेकिंग व्हायचंय अजून."

मालक थांबले. आपल्या मालकाला थांबवता आलं की कोर्स पूर्ण झाला, असं मी आता धरते.